आवाजाला कात्री, पण अर्थाला धक्का नको

संगणकावर ध्वनिमुद्रणाचे संपादन करताना 'टक्' असा आवाज का येतो, तो कसा टाळावा आणि संपादनाची मर्यादा कोठे संपते

जबलपूरपासून सुमारे २० ते २५ किलोमीटर अंतरावर भेडाघाट येथे नर्मदा संगमरवरी खडकांच्या अरुंद घळीत शिरते. तत्पूर्वी धुआँधार येथे ती सुमारे ३० मीटर खाली कोसळते. या धबधब्याजवळ उभे राहून कोणाची मुलाखत ध्वनिमुद्रित केली आणि नंतर संगणकावर त्यातील एखादे वाक्य काढून टाकले, तर एक चमत्कारिक अनुभव येतो. पडद्यावर काप अगदी व्यवस्थित दिसतो. मात्र ऐकताना त्या जागी पाण्याचा घोष क्षणभर अडखळतो आणि 'टक्' असा बारीक आवाज कानाला टोचतो. श्रोत्याला काय कापले हे समजत नाही, परंतु काहीतरी कापले आहे हे निश्चित समजते. असे झाले की बोलणाऱ्याच्या शब्दावरील त्याचा विश्वास उणावतो.

जबलपूर आणि मराठी भाषा यांचे नाते जुने आहे. १७९८ पासून १८१७ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अंमलाखाली होता. पुढे मध्य प्रांताच्या काळात आणि १९५६ पर्यंतच्या जुन्या मध्य प्रदेशातही जबलपूर व नागपूर ही शहरे एकाच कारभाराचा भाग होती. त्यामुळे अनेक मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. त्यांतील वृद्ध व्यक्तींच्या आठवणी आता मोबाईलवर आणि संगणकावर मुद्रित करता येतात. २२ मे १९९७ रोजी पहाटे चारनंतर जबलपूरला बसलेल्या भूकंपात सुमारे ४० व्यक्तींचा मृत्यू झाला. ती पहाट प्रौढ वयात अनुभवलेले लोक आज वार्धक्यात आहेत. त्यांचे बोलणे मुद्रित करणे सोपे झाले आहे. ते ऐकण्याजोगे करताना त्याची मोडतोड होऊ न देणे मात्र आजही कौशल्याचे काम आहे.

पडद्यावरील रेषा म्हणजे काय?

ध्वनिसंपादनाची कोणतीही प्रणाली उघडली की पडद्यावर मधल्या आडव्या रेषेच्या वर आणि खाली हेलकावणारी एक आकृती दिसते. हा ध्वनिलहरीचा आलेख होय. बोलताना हवेचा दाब क्षणाक्षणाला वाढतो आणि कमी होतो. मायक्रोफोन या दाबाचे विजेच्या दाबात रूपांतर करतो आणि संगणक त्याची ठरावीक अंतराने मोजणी करतो. प्रत्येक मोजणीला सॅम्पल म्हणजे नमुना म्हणतात. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात, तर प्रसारणाच्या आणि चित्रफितींच्या कामात ४८,००० नमुने घेण्याची पद्धत रूढ आहे.

प्रत्येक नमुना ही एक संख्या असते. १६ बिटच्या मुद्रणात ती उणे ३२,७६८ पासून अधिक ३२,७६७ पर्यंत कोणतीही असू शकते. मधली आडवी रेषा म्हणजे शून्य. आकृती जितकी उंच, तितका आवाज मोठा. ती जितकी दाट हेलकावते, तितका स्वर उंच. ही आकृती पुरेशी मोठी करून पाहिली, तर शेवटी एकामागोमाग मांडलेले ठिपके दिसू लागतात. संपादन म्हणजे या ठिपक्यांच्या रांगेतील काही भाग उचलणे आणि उरलेली दोन टोके एकमेकांना जोडणे. सर्व अडचण या जोडणीत आहे.

'टक्' कोठून येतो?

एक साधे उदाहरण घेता येईल. सेकंदाला २०० कंपने असलेला एक शुद्ध स्वर आहे आणि त्याची सर्वाधिक उंची १०,००० आहे, असे मानू. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या मुद्रणात हा स्वर एका नमुन्याकडून दुसऱ्याकडे जाताना जास्तीत जास्त सुमारे २६२ अंकांनी बदलतो. म्हणजेच लहर कितीही वेगाने चढत असली, तरी तिची पावले लहान असतात.

आता या स्वराचा मधला तुकडा काढला. डावीकडील भाग ९,००० या उंचीवर संपला आणि उजवीकडील भाग उणे ६,००० पासून सुरू झाला. एका नमुन्याच्या अवधीत, म्हणजे सेकंदाच्या ४८ हजाराव्या भागात, लहरीला १५,००० अंकांची उडी घ्यावी लागली. ध्वनिवर्धकाच्या पडद्याला तो झटका बसतो. अशा आकस्मिक उडीत खालच्या पट्टीपासून वरच्या पट्टीपर्यंतच्या सर्व कंपनसंख्या एकाच वेळी उमटतात. कानाला त्या 'टक्' किंवा 'चट्' अशा ऐकू येतात. मुद्रणात मुळात असा कोणताही आवाज नव्हता. तो केवळ कापणीने निर्माण केला.

शून्यावर कापण्याचा नियम

यावरचा पहिला उपाय सरळ आहे. लहर जेथे मधल्या रेषेला छेदते, तेथेच कापावे. दोन्ही टोके शून्यावर असली तर उडी उरत नाही. बहुतेक प्रणालींमध्ये यासाठी सोय केलेली असते. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९९९ मध्ये काम सुरू होऊन २००० मध्ये प्रसिद्ध झालेली 'ऑडॅसिटी' ही विनामूल्य प्रणाली अनेक नवोदितांच्या परिचयाची आहे. तीमध्ये हवा तो भाग निवडून 'झेड' ही कळ दाबली की निवडीच्या दोन्ही सीमा जवळच्या शून्यबिंदूंवर सरकतात.

परंतु केवळ शून्य गाठणे पुरेसे नाही, दिशाही जुळावी लागते. डावीकडील लहर खालून वर चढत शून्यावर आली असेल, तर उजवीकडील लहर शून्यापासून वरच जायला हवी. एक चढणारी आणि दुसरी उतरणारी अशी टोके जोडली, तर उडी पडत नाही. पण तेथे एक तीक्ष्ण कोन तयार होतो आणि तोही कानाला जाणवू शकतो. सेकंदाला २०० कंपनांच्या स्वरात चढता शून्यबिंदू दर ५ मिलिसेकंदांनी येतो. म्हणजे योग्य जागेसाठी कापणीची रेषा फार तर अडीच मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे सरकवावी लागते. बोलण्याच्या लयीत एवढा फरक कोणाच्याही लक्षात येत नाही.

या नियमाला मर्यादा आहेत. काही उपकरणांच्या दोषामुळे संपूर्ण आकृतीच मधल्या रेषेच्या थोडी वर किंवा खाली सरकलेली असते. तेव्हा पडद्यावरचे शून्य हे खरे शून्य राहत नाही. रस्त्यावरची जड वाहने, वारा किंवा पंखा यांची खालच्या पट्टीतील घरघर असेल, तर बोलण्याची लहर त्या मोठ्या हेलकाव्यावर स्वार झालेली असते आणि शून्यबिंदू भलत्याच जागी सापडतात. यासाठी कापणीपूर्वीच आकृती मध्यावर आणणे आणि सुमारे ८० कंपनांखालील घरघर गाळून टाकणे हिताचे असते. दोन वाहिन्यांच्या, म्हणजे स्टिरिओ मुद्रणात डाव्या आणि उजव्या वाहिनीचे शून्यबिंदू सहसा एकाच क्षणी येत नाहीत. तेथे हा नियम एकटा निभावू शकत नाही.

तिरक्या कापाचा धडा

दुसरा आणि अधिक भरवशाचा उपाय संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. आकाशवाणीच्या केंद्रांवर पाव इंच रुंदीच्या चुंबकीय फितीवर मुद्रण होत असे, तेव्हा संपादन ब्लेडने केले जाई. फितीची रिळे हाताने मागेपुढे फिरवून नेमकी जागा ऐकली जाई, तेथे पेन्सिलीने खूण केली जाई, फीत खाचेत बसवून कापली जाई आणि दोन टोके चिकटपट्टीने जोडली जात. हा काप सरळ न घेता ४५ अंशांच्या कोनात तिरका घेण्याची पद्धत होती.

या तिरकेपणामागे भक्कम कारण होते. फीत सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगाने धावत असेल आणि मुद्रण तिच्या पूर्ण रुंदीवर असेल, तर तिरका काप वाचनशीर्षासमोरून जाण्यास सुमारे ३३ मिलिसेकंद लागत. या अवधीत जुना आवाज हळूहळू ओसरत असे आणि नवा हळूहळू वाढत असे. उडीला जागाच राहत नसे.

संगणकावर हेच काम क्रॉसफेड करतो. जोडाच्या जागी दोन्ही तुकडे थोडेसे एकमेकांवर चढवले जातात. पहिल्याची पातळी उतरत जाते, दुसऱ्याची चढत जाते. बोलण्यासाठी ५ ते १० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड बहुधा पुरतो. श्वास किंवा परिसराचा आवाज जोडताना तो २० ते ५० मिलिसेकंदांपर्यंत वाढवता येतो.

क्रॉसफेडच्या वक्ररेषेचीही निवड करावी लागते. दोन्ही तुकड्यांतील लहरी एकमेकींशी तंतोतंत जुळत असतील, उदाहरणार्थ एकाच स्वराचे दोन भाग जोडायचे असतील, तर सरळ उतरण आणि सरळ चढण योग्य ठरते. मध्यावर दोन्ही आवाज निम्मे होतात आणि बेरीज पूर्ण येते. धबधबा, पाऊस किंवा गर्दी यांसारख्या आवाजांत मात्र दोन तुकड्यांच्या लहरींचा परस्परांशी संबंध नसतो. तेथे सरळ उतरण वापरली तर मध्यावर पातळी सुमारे ३ डेसिबलने खचते. भेडाघाटच्या मुलाखतीत पाण्याचा घोष जोडाजवळ अडखळतो, त्याचे एक कारण हेच असते. अशा वेळी समान शक्तीची वक्ररेषा निवडावी. याउलट, तंतोतंत जुळणाऱ्या लहरींना ही वक्ररेषा लावली तर मध्यावर आवाज ३ डेसिबलने फुगतो.

शांतता रिकामी नसते

नवोदितांची एक नेहमीची चूक म्हणजे नको असलेल्या खोकल्याच्या किंवा दरवाजाच्या आवाजाच्या जागी संपूर्ण शांतता भरणे. पडद्यावर सपाट रेषा स्वच्छ दिसते, परंतु प्रत्यक्षात कोणतीही खोली पूर्णपणे शांत नसते. पंखा, दूरची वाहने, भिंतींवरून परतणारा आवाज यांचा एक पातळ थर बोलण्याखाली सतत असतो. तो मध्येच नाहीसा झाला की श्रोत्याला दूरध्वनी बंद पडल्यासारखे वाटते.

म्हणून मुलाखतीच्या आरंभी किंवा शेवटी, सर्वांनी शांत बसून, त्या जागेचा किमान ३० सेकंदांचा आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करण्याची पद्धत आहे. पुढे जेथे रिकामी जागा भरावयाची असेल, तेथे याच आवाजाचा तुकडा दोन्ही बाजूंनी क्रॉसफेड देऊन बसवला जातो. ही अर्ध्या मिनिटाची शिस्त नंतरचे कितीतरी श्रम वाचवते.

श्वासाचेही तसेच आहे. वाक्यापूर्वीचा श्वास हा त्या वाक्याचाच भाग असतो. सर्व श्वास काढून टाकले तर बोलणारी व्यक्ती यंत्रवत वाटते. अर्धा श्वास कापला तर ती दचकल्यासारखी वाटते. नियम साधा आहे: श्वास ठेवायचा असेल तर पूर्ण ठेवावा, काढायचा असेल तर पूर्ण काढावा आणि दोन श्वास लागोपाठ जोडले जाऊ देऊ नयेत. मोठ्या दिवाणखान्यात किंवा मंदिरात शब्द संपल्यावरही त्याचा घुमारा काही काळ रेंगाळतो. तो संपण्यापूर्वी काप घेतला, तर शब्द पूर्ण असूनही अपुरा वाटतो.

मराठी वर्ण आणि कापणीची जागा

भाषेचा उच्चारही संपादकाला मदत करतो. क, ट, त, प यांसारख्या स्पर्शवर्णांचा उच्चार करताना तोंडातील हवेचा मार्ग क्षणभर पूर्ण बंद होतो आणि मग एकदम उघडतो. हा बंदपणा काही दशांश मिलिसेकंदांचा नसून अनेक दशक मिलिसेकंदांचा असतो. आलेखावर तो जवळजवळ सपाट पट्टीसारखा दिसतो. शब्दाच्या आत काप घेणे अटळ असेल, तर ही पट्टी सर्वांत सुरक्षित जागा होय.

सुरक्षित जागा ओलांडली तर मात्र शब्द बदलतो. ख, थ, फ यांसारख्या महाप्राण वर्णांत स्फोटानंतर हवेचा झोत येतो. तो कापला गेला की 'खाली' हा शब्द 'काली'सारखा ऐकू येतो. मराठीत 'चहा'मधील च आणि 'चाक'मधील च निराळे आहेत. दुसऱ्या प्रकारच्या च मध्ये आधी स्पर्श आणि लगेच स सारखे घर्षण असते. आरंभीचा स्पर्श कापला गेला तर 'चाक'चा उच्चार 'साक'कडे झुकतो. पडद्यावर ही चूक काही मिलिमीटरांची असते. श्रोत्याला मात्र वक्त्याचा उच्चार सदोष वाटतो आणि दोष नसलेल्या व्यक्तीच्या माथी दोष येतो.

संगीतात हाच विचार निराळ्या रीतीने करावा लागतो. तबल्यावरील आघातापूर्वीची जागा कापणीसाठी उत्तम असते, कारण पाठोपाठ येणारा मोठा नाद जोडाला झाकून टाकतो. शक्य असल्यास समेवर काप घ्यावा, म्हणजे आवर्तनाचा हिशेब बिघडत नाही. तानपुऱ्याचा सततचा झंकार ही मात्र कठीण परीक्षा असते. जवारीमुळे त्याच्या नादात उपस्वर सतत उमलत आणि मिटत असतात. दोन तुकड्यांतील हे उमलणे जुळले नाही, तर छोटा क्रॉसफेड उघडा पडतो. तेथे कित्येक शतक मिलिसेकंदांचा, प्रसंगी एक सेकंदाचा क्रॉसफेड द्यावा लागतो. त्याबरोबर तारा छेडण्याचा क्रमही जुळवावा लागतो.

कामाचा क्रम

स्वच्छ संपादनाची सुरुवात मुद्रणापासूनच होते. बोलण्याची सर्वोच्च पातळी कमाल मर्यादेच्या ६ ते १२ डेसिबल खाली राहील अशी ठेवली, तर अचानक आलेला मोठा उद्गार सामावला जातो. पातळी मर्यादेबाहेर गेली की लहरीचे शेंडे छाटले जातात आणि आकृतीचा माथा सपाट होतो. नंतर आवाज कमी केल्याने तो शेंडा परत येत नाही.

मूळ मुद्रण शक्यतो डब्ल्यूएव्ही स्वरूपात असावे. १६ बिट आणि ४८,००० नमुन्यांच्या एका वाहिनीच्या मुद्रणाला तासाला सुमारे ३४६ मेगाबाइट जागा लागते. आजच्या साठवणक्षमतेच्या मानाने ही फार नाही. एमपी३ स्वरूपात जागा वाचते, परंतु कानाला कमी जाणवणारा तपशील त्यात वगळलेला असतो. अशी फाइल संपादित करून पुन्हा एमपी३ म्हणून साठवली की आणखी तपशील वगळला जातो. छायाप्रतीची छायाप्रत काढत गेल्यासारखी ही घसरण असते.

त्यानंतरचा क्रम सर्वसाधारणपणे असा ठेवता येतो. प्रथम मूळ फाइलची प्रत करावी आणि मूळ फाइलला हात लावू नये. आकृती मध्यावर आणावी, खालची घरघर गाळावी. मग संपूर्ण मुद्रण एकदा न थांबता ऐकून काढावयाच्या जागांची नोंद करावी. मोठे काप आधी, बारीक काप नंतर घ्यावेत. प्रत्येक जोड डोळे मिटून, हेडफोनवर, जोडाच्या काही सेकंद आधीपासून ऐकावा. कारण पडद्याकडे पाहत ऐकले की कान डोळ्यांचे ऐकतो. पातळी समान करण्याचे काम शेवटी करावे.

पार्श्वभूमीचा गोंगाट कमी करणाऱ्या सुविधेचा वापर जपून करावा. ही सुविधा आधी केवळ गोंगाटाचा नमुना घेते आणि मग संपूर्ण मुद्रणात ज्या पट्ट्यांमध्ये आवाज त्या नमुन्याहून फारसा मोठा नाही, त्या पट्ट्या दाबते. पंख्यासारख्या एकसुरी आवाजावर तिचा चांगला उपयोग होतो. विजेच्या तारांमुळे येणारी गुणगुण भारतात ५० कंपनांवर आणि तिच्या पटींवर, म्हणजे १००, १५० अशी असते. तिच्यासाठी नेमके त्या जागा गाळणारे फिल्टर अधिक योग्य ठरते. धुआँधारसारख्या धबधब्याचा घोष मात्र जवळजवळ सर्व पट्ट्यांत पसरलेला आणि सतत बदलणारा असतो. तो दाबण्याचा अट्टहास केला तर बोलणे पाण्याखालून आल्यासारखे आणि किणकिणाट झाल्यासारखे ऐकू येते. तेथे मायक्रोफोन बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ धरणे किंवा घाटापासून थोडे दूर जाणे, हाच खरा उपाय होय.

जोड ऐकू आला नाही, तरी अर्थ बदलू शकतो

तंत्र साधले की एक गंभीर प्रश्न उभा राहतो. मराठी वाक्यात नकार पुष्कळदा शेवटी येतो. भूकंपाची आठवण सांगताना एखादी व्यक्ती म्हणेल, "आम्ही घर सोडलं नाही, दोन रात्री अंगणात काढल्या." 'सोडलं' नंतर तिला खोकला आला आणि तो काढताना 'नाही'ही निघून गेले, तर उरलेले वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असेल, जोड ऐकू येणार नाही आणि अर्थ मात्र नेमका उलटा होईल. जोड जितका स्वच्छ, तितकी ही चूक पकडणे कठीण. प्रत्येक कापानंतर केवळ जोड न ऐकता संपूर्ण वाक्य ऐकावे, आणि ते मूळ मुद्रणाशी ताडून पाहावे, ते यासाठीच.

विरामांचाही अर्थ असतो. प्रश्न आणि उत्तर यांच्यामधील चार सेकंदांची स्तब्धता वेळ वाचवण्यासाठी कापली, तर विचार करून दिलेले उत्तर पाठ केलेले वाटू शकते. जबलपूरच्या मराठीत हिंदी शब्द सहजपणे मिसळतात. ते 'अशुद्ध' म्हणून वगळले तर बोलणे कदाचित नीटस होईल, परंतु ते त्या व्यक्तीचे आणि त्या शहराचे राहणार नाही.

न्यायालयात या प्रश्नाला कायद्याचे वजन येते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्यपीठ जबलपूर येथे आहे. ध्वनिमुद्रण पुरावा म्हणून केव्हा स्वीकारावे, याबाबत सर्वोच्च न्यायालयाने आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या मुंबईतून आलेल्या प्रकरणात १९७२ मध्ये निकष सांगितले होते: संभाषण प्रकरणाशी संबंधित असावे, आवाजाची ओळख पटावी आणि मुद्रणातील मजकूर पुसला गेल्याची शक्यता दूर करून त्याची अचूकता सिद्ध व्हावी. फितीच्या काळातील हा विचार संगणकाच्या काळातही कायम आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यावयाच्या प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. फाइलमधील एक नमुना जरी बदलला, तरी हे मूल्य बदलते. म्हणून पुरावा ठरू शकेल अशा मुद्रणाच्या मूळ फाइलवर 'थोडी सफाई' करणेही धोक्याचे ठरते.

कानाला न समजणारा काप यंत्राला समजू शकतो. विजेची जी गुणगुण संपादकाला नकोशी वाटते, तीच येथे साक्षीदार बनते. वीजजाळ्यातील कंपनसंख्या अचूक ५० वर स्थिर नसते. मागणी आणि पुरवठ्यानुसार ती सतत किंचित वरखाली होते. डिसेंबर २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित देशाशी जोडले गेल्यानंतर देशभर हे चढउतार एकत्र होतात. जबलपूर येथे मध्य प्रदेशचे राज्य भार प्रेषण केंद्र आहे. अशा केंद्रांना या कंपनसंख्येवर सतत लक्ष ठेवावे लागते. मुद्रणातील गुणगुणीचा आलेख अखंड असेल तर तो सलग चालतो. मधला तुकडा काढलेला असेल, तर गुणगुणीच्या लयीत त्या जागी खंड पडतो. न्यायवैद्यक तज्ज्ञ या खंडाचा शोध घेतात.

मूळ जपणे हेच अंतिम संपादन

सर्व कापणी वाईट, असा याचा अर्थ नव्हे. तासाभराच्या मुलाखतीतून १० मिनिटांचा श्रवणीय कार्यक्रम तयार करणे हे संपादनाचे रास्त काम आहे. खोकला, अडखळणे, पुनरुक्ती आणि भरकटलेली वाक्ये वगळल्याने बोलणाऱ्याचे म्हणणे बहुधा अधिक स्पष्ट होते. मात्र दोन वाक्यांचा क्रम बदलणे, एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडणे किंवा अट सांगणारा उत्तरार्ध गाळणे ही सफाई ठरत नाही. ती दुसऱ्याच्या तोंडी शब्द घालण्याची क्रिया आहे.

ब्लेड आणि फितीच्या काळात कापलेला तुकडा निदान डोळ्यांना दिसत असे आणि हवा तर तो पुन्हा जोडता येत असे. संगणकावर कापलेला भाग दिसेनासा होतो, परंतु संपादकाने मूळ फाइल जपली असेल तर तो नष्ट होत नाही. मुद्रणाची तारीख, स्थळ आणि बोलणाऱ्याची संमती यांची नोंद करून मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली, तर पुढील पिढीला संपादित कार्यक्रमही ऐकता येईल आणि त्यामागचे संपूर्ण बोलणेही. १९९७ ची ती पहाट अनुभवलेल्या एखाद्या आजीचा आवाज ऐकताना तिच्या नातवंडांना जोड ऐकू येऊ नये, ही संपादकाची कसोटी आहे. आणि त्यांनी मूळ मुद्रण मागितले तर ते त्यांच्या हाती देता यावे, ही त्याची जबाबदारी आहे.